उपग्रहाच्या डेटातून सूक्ष्मकण आणि ढगांचं नातं कसं मोजायचं: क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

महिन्याची सरासरी काढलेला, एक अंशाच्या चौकोनांचा डेटा उतरवून घ्यायचा. एका अक्षावर हवेतल्या सूक्ष्मकणांची प्रकाशीय जाडी (वाटेत किती प्रकाश अडतो याचं माप), दुसऱ्यावर ढगांची व्याप्ती मांडायची. ठिपक्यांमधून रेघ ओढायची आणि निष्कर्ष लिहायचा: कण वाढले की ढग वाढतात. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आणि प्रबंधांत ही मांडणी पुन्हा पुन्हा दिसते. रेघ बहुतेक वेळा वर जाणारीच येते आणि तिथेच फसगत होते. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, त्यामुळे त्यांची प्रकाशीय जाडी वाढते. ढगही त्याच दमटपणामुळे वाढतात. म्हणजे कणांनी ढगांचं काहीही केलं नसलं तरी रेघ वरच जाणार.

मूळ अडचण अशी की उपग्रहाला कण दिसतात ते निरभ्र जागी, आणि आपल्याला हवे असतात ते ढगाच्या तळाशी असलेले, म्हणजे न दिसणारे. खालच्या प्रत्येक टप्प्यातली काळजी या अडचणीपायी घ्यावी लागते. क्रम महत्त्वाचा आहे. चौथ्या आणि पाचव्या टप्प्याआधीच सरासरी काढली तर पुढचं सगळं वाया जातं. उदाहरणं टेरा आणि अॅक्वा उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाची घेतली आहेत, पण मोडिसनंतर आलेलं तसंच उपकरण व्हीआयआयआरएस वापरणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो.

## टप्पा १: साखळीतली एकच कडी निवडा

कण वाढले की ढगात थेंबांची संख्या वाढते. पाणी तेवढंच असेल तर थेंब लहान होतात आणि ढग जास्त चकाकतो. हा ट्वूमी परिणाम. थेंब लहान राहिले की ते एकमेकांवर आदळून मोठे होण्याची प्रक्रिया मंदावते, भुरभुर पाऊस लांबणीवर पडतो, आणि त्यातून ढगातलं पाणी आणि ढगांची व्याप्ती बदलू शकते. हा अल्ब्रेख्ट परिणाम. दुसऱ्या बाजूला, लहान थेंब लवकर सुकतात आणि ढगमाथ्यावर कोरडी हवा आत ओढली जाते, त्यामुळे पाणी घटूही शकतं.

यातली एकच कडी निवडून ती एका वाक्यात लिहा: 'अमुक प्रदेशात, अमुक ऋतूत, कणांच्या बदलाला थेंबांची संख्या किती प्रतिसाद देते?' पहिल्यांदा करत असाल तर हीच कडी घ्या. ढगांच्या व्याप्तीपासून सुरुवात करू नका. ती साखळीच्या अगदी टोकाला आहे आणि हवामानाचा हात तिच्यावर सर्वांत जास्त असतो.

अपेक्षित बदल केवढा असेल, हे आधीच कागदावर काढून ठेवा. पाणी स्थिर ठेवून थेंबांची संख्या दुप्पट केली तर त्रिज्या साधारण २१ टक्क्यांनी घटते आणि ढगाची प्रकाशीय जाडी साधारण २६ टक्क्यांनी वाढते. तुमच्या डेटात याहून कितीतरी मोठा बदल दिसला, तर आनंद होण्याआधी पाण्याचं प्रमाण बदललं आहे का ते पाहा.

## टप्पा २: प्रदेश आणि ढग ठरवा

समुद्रावरचे, खालच्या थरातले, फक्त द्रव थेंबांचे, एकाच थराचे ढग घ्या. पेरू-चिली, कॅलिफोर्निया आणि नामिबिया यांच्या किनाऱ्यांलगत समुद्रावर स्ट्रॅटोक्युम्युलस ढगांची विस्तीर्ण चादर असते. खालचा पृष्ठभाग गडद आणि एकसारखा, वरचा ढगही बऱ्यापैकी सपाट, त्यामुळे मोजमापाची गृहीतकं तिथे सर्वांत कमी मोडतात. गडगडाटी ढग, बर्फाळ जमीन आणि डोंगराळ भाग पहिल्या अभ्यासात नकोतच.

सावधान: नामिबियाच्या किनाऱ्यालगत साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेतल्या वणव्यांचा धूर ढगांच्या वरून वाहतो. हा धूर प्रकाश शोषतो, म्हणून खालचा ढग आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो. शिवाय ढगाच्या बराच वर असलेला धूर ढगात शिरलेलाच नसतो. कण कोणत्या उंचीवर आहेत हे लायडरशिवाय, म्हणजे लेसरने उंची मोजणाऱ्या उपकरणाशिवाय, नीट कळत नाही. २००६ ते २०२३ या काळासाठी कॅलिप्सो उपग्रहाचं लायडर आहे आणि मे २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावर लायडर आणि ढगांचं रडार दोन्ही आहेत. उंची तपासायची सोय नसेल तर तेवढे महिने सरळ वगळा.

## टप्पा ३: डेटा उतरवा आणि आकडे नीट वाचा

लागणाऱ्या गोष्टी चार: ढगांचं दुसऱ्या पातळीचं, म्हणजे पिक्सेलगणिक आकडे देणारं उत्पादन (टेरासाठी एमओडी०६, अॅक्वासाठी एमवायडी०६), कणांचं दुसऱ्या पातळीचं उत्पादन (एमओडी०४ किंवा एमवायडी०४), पिक्सेलचे अक्षांश-रेखांश व कोन देणारी फाइल, आणि हवामानासाठी ईआरए५ हे पुनर्विश्लेषण (मोजमापं आणि संगणकीय प्रारूप यांची सांगड घालून तयार केलेला डेटा). सगळ्या मोडिस फाइली एकाच आवृत्तीच्या असू द्या. तिसऱ्या पातळीचा, आधीच सरासरी काढलेला डेटा घेऊ नका. त्यात गाळणी लावायची संधी निघून गेलेली असते.

आता एक बारीक गोष्ट, जिथे भलेभले अडकतात. मोडिसच्या या फाइलींत साठवलेल्या पूर्णांकातून आधी ऑफसेट वजा करायचा असतो आणि मग गुणकाने गुणायचं असतं. एक्सअॅरेसारखी पायथॉनमधली साधनं मात्र आपोआप वाचताना आधी गुणतात आणि मग ऑफसेट मिळवतात. ढगमाथ्याच्या तापमानाचा गुणक ०.०१ आणि ऑफसेट उणे १५,००० आहे. फाइलीत १३,००० हा आकडा असेल तर योग्य तापमान २८० केल्विन येतं. आपोआप वाचलं तर उणे १४,८७० येतं. मग 'तापमान २६८ केल्विनपेक्षा जास्त' ही गाळणी लावली की एकही पिक्सेल उरत नाही आणि माणूस दोष गाळणीला देतो. ढगाची प्रकाशीय जाडी आणि त्रिज्या यांचा ऑफसेट शून्य आहे, म्हणून ते आकडे बरोबर दिसतात आणि चूक अधिकच लपते. आपोआप रूपांतर बंद करा आणि स्वतः दोन ओळींत करा.

तपासणी: एका फाइलीतल्या प्रत्येक राशीचा वितरण-आलेख काढा. द्रव ढगांची त्रिज्या ४ ते ३० मायक्रोमीटरमध्ये असली पाहिजे, कारण उत्पादनाच्या तक्त्याची मर्यादाच तेवढी आहे. उणे ९,९९९ कुठेही दिसलं तर रिकाम्या जागा वगळायच्या राहिल्या आहेत.

सावधान: अनेक वर्षांचा कल काढणार असाल तर कक्षेकडे लक्ष द्या. टेरा विषुववृत्त साधारण सकाळी साडेदहाला आणि अॅक्वा दुपारी दीडला ओलांडायचा. गेल्या काही वर्षांत कक्षा सावरणं थांबल्यामुळे टेराची वेळ आणखी लवकर आणि अॅक्वाची आणखी उशिरा होत गेली. समुद्रावरचे स्ट्रॅटोक्युम्युलस सकाळी जाड आणि दुपारी पातळ असतात, म्हणजे नुसत्या वेळेच्या सरकण्यानेही 'कल' दिसू शकतो.

## टप्पा ४: आधी गाळा

सरासरी नंतर. पिक्सेलच्या पातळीवर, या क्रमाने:

1. ढगाची अवस्था द्रव. ढगमाथ्याचं तापमान २६८ केल्विनपेक्षा जास्त.
2. एकच थर. बहुथराची खूण असलेले पिक्सेल वगळा. वर पातळ हिमकणांचा ढग असेल तर खालच्या थेंबांची त्रिज्या खोटी येते.
3. सूर्याचा शिरोबिंदू-कोन ६५ अंशांपेक्षा कमी. सूर्य खाली असला की ढगांच्या उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि जाडी व त्रिज्या दोन्ही बिघडतात.
4. प्रकाशीय जाडी ४ पेक्षा जास्त, त्रिज्या ४ मायक्रोमीटरपेक्षा जास्त. पातळ ढगात एकाच प्रकाशमापनाला जाडी-त्रिज्येच्या एकाहून जास्त जोड्या बसतात.
5. अर्धवट ढगाळ पिक्सेल बाद. सहाव्या आवृत्तीपासून हे पिक्सेल वेगळ्या राशींत दिलेले असतात. त्या राशी मुख्य राशींत मिसळू नका.
6. ढगाच्या कडेचे पिक्सेल बाद.

पाचवी आणि सहावी गाळणी जाचक वाटते, कारण विखुरलेल्या ढगांच्या प्रदेशात तिने बहुतेक डेटा निघून जातो. तरी लावा. तुटक ढगांत प्रकाश बाजूने शिरतो आणि बाजूने निसटतो, आणि त्रिज्या खऱ्यापेक्षा मोठी मोजली जाते. त्रिज्येतली चूक पुढच्या टप्प्यात किती पटींनी वाढते ते पाहिलं की ही कडकपणाची सक्ती पटेल.

तपासणी: प्रत्येक गाळणीनंतर किती टक्के पिक्सेल उरले ते लिहून ठेवा. एखादी गाळणी एकटीच जवळपास सगळं काढून टाकत असेल तर आधी तिसऱ्या टप्प्यात परत जा.

## टप्पा ५: थेंबांची संख्या काढा, पिक्सेलगणिक

उपग्रह थेंबांची संख्या थेट मोजत नाही. ढग तळापासून वर जाताना पाणी ठराविक दराने वाढतं आणि थेंबांची संख्या उंचीनुसार बदलत नाही, असं धरून ती जाडी आणि त्रिज्येवरून काढली जाते. सर्रास वापरलं जाणारं रूप असं:

थेंबांची संख्या (दर घन सेंटिमीटर) = १३,७०० × प्रकाशीय जाडीचं वर्गमूळ ÷ त्रिज्येचा अडीचावा घात (त्रिज्या मायक्रोमीटरमध्ये)

जाडी १० आणि त्रिज्या १० मायक्रोमीटर असेल तर उत्तर १३७ येतं. त्रिज्येचा घात अडीच आहे, म्हणून तिच्यात १० टक्के चूक म्हणजे संख्येत सुमारे २५ टक्के चूक. जाडीतली १० टक्के चूक मात्र ५ टक्क्यांवर थांबते. लक्ष कुठे द्यायचं ते यावरून ठरवा.

आता सरासरी आधी काढली तर काय होतं ते पाहू. शेजारच्या दोन पिक्सेलची जाडी १० आहे, पण त्रिज्या एकाची ८ आणि दुसऱ्याची १४. संख्या येते अनुक्रमे २३९ आणि ५९, सरासरी १४९. त्याऐवजी आधी त्रिज्यांची सरासरी (११) काढून सूत्रात घातली तर उत्तर येतं १०८. डेटा तोच, उपग्रह तोच, आणि फरक चौथ्या हिश्श्याहून जास्त. तिसऱ्या पातळीच्या सरासरीवरून थेंबसंख्या काढणाऱ्या प्रत्येक अभ्यासात हा दोष येतो, म्हणून मी त्या वाटेला मुळीच जाऊ नका असं सांगतो.

त्रिज्या तीन तरंगलांबींवर मिळते: १.६, २.१ आणि ३.७ मायक्रोमीटर. ३.७ची त्रिज्या ढगमाथ्याच्या अगदी जवळची असते आणि तुटक ढगांत तुलनेने कमी बिघडते, त्यामुळे मुख्य गणित तिच्यावर करावं असं माझं मत आहे.

तपासणी: २.१ आणि ३.७ वरून काढलेल्या त्रिज्यांचा फरक नकाशावर पाहा. सपाट, सलग ढगांत दोन्ही जवळ असायला हव्यात. जिथे २.१ची त्रिज्या खूप मोठी, तिथे ढग तुटक आहे किंवा भुरभुर सुरू झाली आहे. त्रिज्या १४ मायक्रोमीटरच्या पुढे गेली की पाऊस सुरू होण्याची शक्यता वाढते. पाऊस कणांनाही धुऊन काढतो, म्हणजे कारण आणि परिणाम उलटे होतात. असे पिक्सेल वेगळ्या गटात ठेवा.

## टप्पा ६: कण कोणत्या मापाने मोजायचे

प्रकाशीय जाडी म्हणजे संपूर्ण हवेच्या स्तंभात कणांनी अडवलेला प्रकाश. तिच्यात धुळीचा आणि समुद्री मिठाचा एखादा मोठा कण बारीक कणांच्या थव्याला झाकून टाकतो. ढगथेंबांना बीज पुरवण्यात मात्र संख्येने जास्त असलेले बारीक कण मोलाचे असतात. म्हणून प्रकाशीय जाडी गुणिले ऑंगस्ट्रॉम घातांक, म्हणजेच एरोसोल निर्देशांक वापरा. तरंगलांबी बदलल्यावर प्रकाशीय जाडी किती झपाट्याने बदलते ते हा घातांक सांगतो, आणि बारीक कणांसाठी तो मोठा असतो.

निर्देशांकालाही मर्यादा आहे. स्वच्छ समुद्रावर प्रकाशीय जाडी ०.०५च्या आसपास असते आणि मोडिसच्या मापनातली अपेक्षित चूकही साधारण तेवढ्याच पातळीची असते. अशा ठिकाणी घातांक म्हणजे जवळपास नुसता गोंगाट. अत्यंत स्वच्छ दिवसांचा गट वेगळा ठेवा आणि त्यावर निष्कर्षाचा भार टाकू नका.

ढगाजवळचे कणमापन वापरू नका. ढगाच्या बाजूने परतलेला प्रकाश शेजारच्या निरभ्र हवेला उजळवतो, दमट हवेत कण फुगलेले असतात, आणि ढगांचे न ओळखलेले तुकडेही कणांत मोजले जातात. तिन्ही कारणांनी जाडी वाढलेलीच दिसते. ढगापासून किमान १५ किलोमीटर अंतर ठेवा.

काही जण ही अडचण टाळायला पुनर्विश्लेषणातलं सल्फेटचं वस्तुमान वापरतात. मार्ग चांगला आहे, कारण ते ढगाच्या उंचीवर आणि ढगाळ दिवशीही मिळतं. पण त्या प्रणालींत मोडिसचीच प्रकाशीय जाडी मिसळलेली असते, त्यामुळे दोन्ही उत्तरं जुळली म्हणून त्याला स्वतंत्र दुजोरा म्हणू नका.

तपासणी: अभ्यासाच्या प्रदेशात एरोनेटचं (जमिनीवरून कण मोजणाऱ्या केंद्रांच्या जाळ्याचं) केंद्र असेल तर उपग्रह वरून जाण्याच्या आगेमागे अर्ध्या तासाची जमिनीवरची मोजमापं २५ किलोमीटर परिघातल्या उपग्रहाच्या मापनांशी ताडून पाहा. एरोनेटच्या प्रकाशीय जाडीतली चूक ०.०१ ते ०.०२ असते.

## टप्पा ७: दोन्हींची जोडी लावा

एक अंशाचा चौकोन, एक दिवस, उपग्रहाची एकच फेरी. त्याच चौकोनात गाळलेल्या ढगाळ पिक्सेलची सरासरी थेंबसंख्या आणि निरभ्र भागातला निर्देशांक घ्या. दोन्हींसाठी किमान पिक्सेलसंख्या आधीच ठरवा.

इथे एक पेच आहे: थेंबसंख्या विश्वासार्ह मिळते ती पूर्ण ढगाळ चौकोनात, आणि कण मिळतात ते मोकळ्या चौकोनात. दोन्ही असलेले चौकोन म्हणजे अर्धवट ढगाळ हवामानाचाच नमुना. उपाय म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या शेजारी चौकोनातले कण घेऊन गणित पुन्हा करा. दोन्ही उत्तरांत मोठी तफावत असेल तर ती तशीच मांडा.

## टप्पा ८: हवामान बाजूला काढा, मग रेघ ओढा

ईआरए५ मधून खालच्या वातावरणाची स्थिरता (७०० हेक्टोपास्कल दाबाच्या उंचीवरच्या आणि पृष्ठभागालगतच्या विभव तापमानांतला फरक; विभव तापमान म्हणजे हवा एका प्रमाण दाबावर आणली तर होईल ते तापमान), सीमास्तरातली, म्हणजे पृष्ठभागालगतच्या हवेच्या थरातली सापेक्ष आर्द्रता, समुद्रपृष्ठाचं तापमान आणि वाऱ्याची दिशा घ्या. जोड्यांचे या राशींनुसार गट पाडा. वाऱ्याची दिशा विसरू नका: जमिनीवरून येणारी हवा प्रदूषितही असते आणि कोरडीही, आणि दोन्हींचा ढगावर वेगवेगळा परिणाम होतो.

मग प्रत्येक गटात थेंबसंख्येचा लॉगॅरिदम विरुद्ध निर्देशांकाचा लॉगॅरिदम मांडून उतार काढा. हा उतार साधारण ० ते १ मध्ये असायला हवा. सहसंबंध गुणांकावरून परिणामाचा आकार सांगू नका. तो फक्त ठिपके रेघेजवळ किती आहेत ते सांगतो.

सावधान: निर्देशांकात जेवढा गोंगाट, तेवढा उतार खोटाच सपाट होतो. उतार कमी आला म्हणजे परिणाम कमी, असं लगेच म्हणू नका. निर्देशांकात मुद्दाम आणखी गोंगाट मिसळून उतार किती घसरतो ते पाहा. त्यावरून मूळ गोंगाटाने किती खाल्लं असेल याचा अंदाज येतो.

सावधान: थेंबसंख्या आणि ढगातलं पाणी यांचं नातं मोजत असाल तर दोन्ही राशी त्याच जाडी आणि त्रिज्येतून काढलेल्या आहेत हे लक्षात घ्या. त्रिज्या चुकून मोठी मोजली गेली की संख्या घटते आणि पाणी वाढतं, म्हणजे चुकांमधूनच उलटं नातं तयार होतं. पाणी सूक्ष्मतरंग उपकरणातून, उदाहरणार्थ एएमएसआर२ मधून, वेगळं घ्या. त्याचं विभेदन जाडंभरडं आहे, पण चूक निदान स्वतंत्र आहे.

## टप्पा ९: नैसर्गिक प्रयोगावर पडताळा

जिथे कण हवामानाशी संबंध नसलेल्या कारणाने वाढले किंवा घटले, तिथे तुमचा उतार टिकतो का? जहाजांच्या धुरामुळे ढगांवर उमटणाऱ्या रेषा सर्वांत हाताशी आहेत. ३.७ किंवा २.१ मायक्रोमीटरच्या प्रतिमेत रेषा उजळ दिसते. तिच्यावरचे पिक्सेल आणि दोन्ही बाजूंचे अस्पर्श पिक्सेल यांची तुलना करा. हवामान दोन्हीकडे तेच असतं. मात्र ज्या रेषा डोळ्यांना दिसल्या त्याच निवडल्या तर सर्वांत मोठा प्रतिसाद देणारे ढगच निवडले जातात.

१ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली. त्या आधीची आणि नंतरची जहाजमार्गांची तुलना हा दुसरा पर्याय. तिसरा पर्याय २०१४-१५ मधला आइसलँडच्या होलुह्रॉनचा ज्वालामुखी उद्रेक. तिथे थेंब स्पष्टपणे लहान झालेले दिसले, पण ढगातल्या पाण्यात तसा ठळक बदल आढळला नाही. तुमच्या उतारावरून पाणी खूप वाढायला हवं असं निघत असेल, तर आठव्या टप्प्यातले गट पुन्हा तपासा.

## टप्पा १०: उत्तर लिहिताना

एकच आकडा देऊ नका. जाडीची मर्यादा ४ ऐवजी ३ आणि ५, ढगापासूनचं अंतर १५ ऐवजी १० आणि २०, त्रिज्या ३.७ ऐवजी २.१ अशा पर्यायांनी सगळं पुन्हा चालवा आणि उतार कुठून कुठपर्यंत हलतो ते तक्त्यात मांडा. माझ्या अनुभवात वाचकाला सर्वांत उपयोगी पडतो तो हाच तक्ता, आणि तोच बहुतेक वेळा गाळला जातो. गाळणीनंतर किती टक्के डेटा उरला तेही त्याच तक्त्यात घाला.

उताराला थेट पृथ्वीच्या ऊर्जा-संतुलनाच्या आकड्यात बदलू नका. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या) सहाव्या अहवालात कण-ढग परस्परक्रियेचा परिणाम दर चौरस मीटरला उणे १.० वॅट दिला आहे आणि त्याची मर्यादा उणे १.७ ते उणे ०.३ इतकी रुंद आहे. तिथवर पोहोचायला औद्योगिक काळाआधी हवेत किती कण होते याचा अंदाज लागतो, आणि तो तुमच्या डेटात नाही. प्रदेश, ऋतू, ढगाचा प्रकार आणि उपग्रहाची वेळ यांच्या चौकटीतच उतार सांगा.